बायाच्या वाटणीची अंडी

बायाला जेवताना कुणी कधी बघितलंच नाही, असं कुरवंड्याच्या ठाकरवाडीत गमतीनं म्हणायचे. म्हणजे ती काही वाऱ्यावर जगत नव्हती, जेवायची. पण सगळ्यांचं उरकलं, भांडी गोळा झाली, की चुलीपाशी भिंतीकडं तोंड करून बसायची. टोपल्यात राहिलेला भाकरीचा तुकडा आणि गाडग्याच्या बुडाचं कालवण, तेवढ्यात तिचं भागायचं. आपण काही सोसतोय असं तिच्या मनातही यायचं नाही. तिची आई तशीच जेवली, आजीही तशीच जेवली. बाईमाणूस गड्याच्या आधी भाकरीला हात लावायला लागलं तर चारचौघी तोंडात शेण घालतील, हे तिला कुणी शिकवायला लागलं नव्हतं.

सासर तसं परकं नव्हतं. सासू चिमाबाई म्हणजे तिची सख्खी आत्या, नवरा बारकू म्हणजे आतेभाऊ. मामाची पोर सून करून आणायची, ही त्यांच्यातली रीतच. "आपल्याच रगताची हाय, परकी न्हाई," असं चिमाबाई आल्यागेल्याला कौतुकानं सांगायची. बारकू ठेकेदाराकडं घाटात दगड फोडायला जायचा आणि बाया रानातून मोळी आणून लोणावळ्याच्या बंगल्यांत टाकायची. तीन पोरं झाली. दोन अंगावर पीत असतानाच गेली आणि एक वाचली, ती सरू.

वाचली म्हणायचं, एवढंच. आठ वर्षांची पोर, पण दिसायची पाचाची. चार पावलं पळाली की दम लागून खाली बसायची, आणि अंगातल्या झग्यावरून छाती धडधडताना दिसायची. महिन्या-दीड महिन्यानं ताप यायचा. भगत झाला, अंगारा झाला, पोटावर डागूनही झालं. शेवटी एक दिवस बाया मोळी टाकायला गेली, ती पोरीला कडेवर घेऊन गेली. लोणावळ्याच्या ज्या डॉक्टरीणबाईंच्या बंगल्यावर ती लाकडं टाकायची, त्यांनी पोरीच्या छातीला नळी लावली आणि बराच वेळ काढलीच नाही. मग म्हणाल्या, "बाया, हिच्या काळजाला आत भोक आहे गं. मुंबईला न्यायला लागेल. खर्चाचं मी बघते, तू फक्त नाही म्हणू नकोस."

ही गोष्ट त्र्याहत्तर सालातली. मुंबईच्या त्या मोठ्या दवाखान्यात काळीज उघडून शिवायला सुरुवात होऊन फार वर्षं झाली नव्हती. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की पोर बरी होऊ शकते, पण रक्त लागेल, सहा-सात बाटल्या. माणसं घेऊन या.

आता रक्त द्यायचं म्हणजे वाडीला केवढं संकट! एकदा अंगातलं रक्त काढलं की गडी मोळीखाली बसला तो उठायचा नाही, अशी सगळ्यांची समजूत. पण बारकूनं घरोघर जाऊन हात जोडले. त्याचा चुलतभाऊ सावळा आधी उठला. "मरंना का, येतो मी," म्हणाला. त्याच्या मागून सहाजण निघाले. जाताना बायकांनी अशी रडारड केली की जणू लढाईवर चाललेत. सात गडी मुंबईच्या गाडीत चढले, दवाखान्याच्या बाकावर ओळीनं बसले, आणि सुई टोचताना सावळ्यासारखा बाप्या भिंतीला टेकून पांढराफटक पडला.

आणि एवढं करून सातीच्या सातीजणांचं, आणि वर बारकूचंही रक्त नापास! तपासणाऱ्या माणसानं तीन-तीनदा बघितलं, आत जाऊन दुसऱ्याला बोलावून आणलं. मग बाहेर येऊन विचारलं, "पोरीची आई कुठंय?" आई बाहेर ओट्यावर पोरीच्या वहाणा धरून बसली होती. तिचं रक्त बघावं हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिनं घाबरत बोट पुढं केलं.

मुंबईचे डॉक्टर उंच, शांत माणूस. त्यांनी बारकूला आणि बायाला समोर बसवलं आणि लोणावळ्याच्या बाईंनाही बोलावून घेतलं होतं. ते म्हणाले, "हे बघा, माणसाचं रक्त चार तऱ्हेचं असतं. तुमच्या मुलीचं त्या चारांतलं कुठलंच नाही. फार थोड्या माणसांत सापडणारं रक्त आहे हे. जवळच्या नात्यात लग्न झालेलं असलं तर कधी कधी असं उतरतं. हिला दुसऱ्या कुणाचं रक्त दिलं तर ते विष होईल. आत्तापर्यंत आम्हाला सापडलेलं हिच्या रक्ताचं माणूस एकच, ते म्हणजे ही आई."

बारकूनं बायाकडं असं बघितलं, की जणू ती आजच दिसली.

"मग हिचं काढा की सगळं," तो म्हणाला.

"तिच्याच अंगात नाही, तर काढू कुठनं? तिचं रक्त आठाच्याही खाली आहे, बाटली काढायला साडेअकरा तरी पाहिजे." मग डॉक्टरांनी आपला बेत सांगितला. काळीज उघडलं की तेवढा वेळ त्याचं काम एक यंत्र करतं. आधी ते यंत्रच चार बाटल्या रक्तानं भरायला लागायचं. आता ते मिठाचं आणि साखरेचं पाणी घालून भरायचं, पोरीचं अंग गार करायचं, सांडलेला थेंब न् थेंब तिलाच परत द्यायचा. दुसऱ्याच्या रक्ताशिवाय निभवायचं. "बहुतेक निभतं. पण नाहीच निभलं, तर हाताशी एक बाटली पाहिजे. ती आईची. पावसाळा संपेपर्यंत मायलेकींनी रक्त वाढवायचं. मुलीचं तिला स्वतःला पुरलं पाहिजे आणि आईचं बाटलीपुरतं."

बाहेर आल्यावर सरूनं विचारलं, "आये, माज्यात मिठाचं पानी भरनार?"

"व्हय."

"मग मी खारट व्हनार?"

"व्हशील की. मग तुला लोनच्यात घालू," बाया म्हणाली, आणि सरू खुदखुदून हसली. दम लागेस्तोवर हसली.

डॉक्टरीणबाईंनी दोघींना गोळ्या दिल्या, सकाळी एक, संध्याकाळी एक. वर बायाला बजावलं, रोज दोन अंडी, आठवड्याला कलेजी, पालेभाजी, दूध. "हे तुझ्यासाठी नाही, तिच्या बाटलीसाठी आहे असं समज. कुणाला द्यायचं नाही."

बारकूनं हे सगळं फार मनावर घेतलं. दारच्या कोंबड्यांची अंडी विकायची बंद झाली. दर रविवारी तो बाजारातून पानात बांधून कलेजी आणायचा आणि चुलीपुढं ठेवून म्हणायचा, "ही तुझी. आमाला नगं." बायकोसाठी बाजारातून खायला आणणारा नवरा वाडीनं पहिल्यांदाच बघितला. बायकांना हसू आवरेना. "बायाला पुन्ना दिवस ऱ्हायले का गं?" असं तोंडाला पदर लावून विचारायच्या.

पहिला महिनाभर बायानं सांगितलं तसं केलं. आणि कसं केलं म्हणाल तर चोरासारखं! घरात म्हातारी सासू, आजारी पोर, दगड फोडून आलेला नवरा, आणि आपण एकटीनं उकडलेलं अंडं सोलून तोंडात घालायचं. घास घशाखाली उतरेना. गोळीनं पोटात मुरडा यायचा आणि परसाकडला काळं काळं पडायला लागलं, त्यानं ती आणखी भ्याली. तरी रेटलं. महिनाअखेरीला डॉक्टरीणबाईंनी बोट टोचून बघितलं आणि पाठ थोपटली. "सव्वाआठ! वाढतंय बरं का."

इथंच घात झाला. वाढतंय म्हणजे आता वाढतच राहणार, असं बायानं धरलं. रोप एकदा लागलं की काही रोज उपटून बघायला लागत नाही, तसं. गोळ्यांनी गुण दिलाय, तर उरलेल्या सरूला ठेवाव्यात, ऑपरेशन झाल्यावर पोरीला ताकद लागेल की! चांगली वस्तू हाती आली की लेकरासाठी मागं टाकायची, ही तिच्या हाडीमाशी मुरलेली सवय. गोळ्या फडक्यात बांधून तिनं तांदळाच्या मडक्यात ठेवल्या. दूध सरूच्या पेल्यात जायला लागलं.

आणि अंडी? श्रावणात बारकूला आठ दिवस तापानं झोडपलं. उठला तो फासळ्या मोजून घ्याव्यात असा. तरी मुंबईला जायची सुट्टी पदरात पडावी म्हणून तो रविवारीसुद्धा बाजार उरकून दगड फोडायला जायचा. संध्याकाळी छाती फोडणाऱ्या खोकल्यानं वाकून यायचा. त्याच्यापुढं कोरडी भाकरी ठेवायची आणि कलेजी झाकून ठेवायची, हे बायाला जमेना. तिनं कालवणात कलेजी टाकली.

"ही तुजी न्हवं?" त्यानं विचारलं.

"माजी काढून ठिवलीया. ही जास्तीची हाय."

मग रोजच जास्तीचं निघायला लागलं. "म्या दोन खाल्ली, कोंबडीनं आज तीन घातली." भोळा माणूस, त्याला खरं वाटलं. दगडाखाली पिचलेल्या गड्याला ताटात अंडं मिळालं तर तो काय कोंबडीला विचारायला जातो?

चिमाबाईला मात्र सगळं दिसत होतं. म्हातारी दिवसभर घरातच. एकदा ती म्हणाली, "अगं, तुला खायाला सांगितलंय न्हवं बाईंनी?"

"खाल्लं, आत्या."

चिमाबाईनं सुनेकडं बघितलं, मग मुलाच्या ताटाकडं बघितलं, आणि पुढं बोलली नाही. अंडं तिच्याच लेकाच्या पोटात चाललं होतं. आईच ती, दोष तरी कुठवर द्यायचा! भाताची आवणी, मग तण काढायची बेणणी, त्यात पावसानं वाट अडवलेली. पुढं दोन महिने बाया बोट टोचायला लोणावळ्याला उतरलीच नाही. डॉक्टरीणबाईंनी दोनदा निरोप धाडला, तिनं "येते" म्हणून सांगितलं. सरू मात्र बाळसं धरत होती. तिच्या गालावर रंग आलेला बघून बायाला सगळंच ठीक चाललंय असं वाटायचं.

गौरी गेल्या आणि मुंबईचं बोलावणं आलं. सरूचं रक्त बघून डॉक्टर खूश झाले. बारा भरलं होतं. मग बायाचं बोट टोचलं. तपासणारा माणूस कागद घेऊन आला. डॉक्टरांनी कागद वाचला, परत वाचला.

"साडेसात," ते म्हणाले. "होतं त्यापेक्षाही कमी! बाई, गोळ्या घेतल्यात का?"

बारकू शेजारीच उभा होता.

"घेटल्या की," बारकूच म्हणाला. "अंडी, कलेजी, समदं खाल्लं तिनं. म्या सोता आनून दिलंय."

डॉक्टर बायाकडं वळले. "नीट सांगा. घेतलं नसेल तरी मी रागावणार नाही. घेतलं नसेल तर आपण दीड-दोन महिने थांबू, तुम्हाला इथं ठेवून खाऊ घालू, रक्त वाढेल, मग करू. पण घेऊनसुद्धा वाढलं नसेल तर तुमचं अंग औषधाला दाद देत नाही असा अर्थ. मग थांबण्यात काही मतलब नाही, कारण काळजातल्या भोकामुळं मुलीच्या फुफ्फुसांवर ताण येतोय, ती आता फार दिवस वाट बघणार नाहीत. सांगा, घेतलंत का?"

असं सरळ विचारलं होतं. एका शब्दाचं काम होतं. बायाच्या जिभेवर तो शब्द आलाही. पण तिनं मान वर केली आणि तिला बारकूचं तोंड दिसलं. इतके दिवस खाल्लेली अंडी त्या क्षणी त्याला कळली असती. माझ्या लेकीची बाटली मी खाल्ली, हे त्याला इथं, या परक्या माणसांपुढं कळलं असतं. तो माणूस जागच्या जागी मेला असता. निदान तिला तरी तसंच वाटलं.

"घेटल्या," बाया म्हणाली. "समदं खाल्लं."

डॉक्टरांनी कागद खाली ठेवला.

"माजं काढा तरी," ती एकदम त्यांच्या पायाशी वाकली. "हाय तेवढं काढा. मला काय व्हत न्हाई. म्या मेली तरी चालंल."

"तुमचं काढून तुम्ही पडाल, आणि इतकं पातळ रक्त तिच्याही फारसं कामी येणार नाही. उठा बाई. मुलीचं रक्त चांगलं आहे. बाटलीशिवाय करू. बहुतेक वेळा लागत नाही."

ऑपरेशनला तीन दिवस होते. त्या तीन दिवसांत बाया डॉक्टरांच्या खोलीच्या दारापर्यंत किती वेळा गेली, ते तिचं तिला माहीत. शिपायानं तिला अडवलं नाही, कुणी हाकललं नाही. दाराशी जायची आणि आपणच मागं फिरायची. लागत नाही असं तेच म्हणालेत की! मग कशाला सांगायचं? पोर बरी होऊन घरी आली की मग कधीतरी हसत हसत नवऱ्याला सांगू. अशी ती स्वतःचीच समजूत घालायची, आणि परत दाराशी जायची.

चौथ्या दिवशी सकाळी सरूला आत नेलं. तीन वाजता डॉक्टर बाहेर आले. टोपी काढून म्हणाले, "भोक शिवलं. पाण्यावर काळीज पुन्हा आपलं आपण चालू लागलं. यंत्र काढलंय." बारकूनं त्यांच्यापुढं हात जोडले आणि तसाच जोडलेल्या हातांनी हसायला लागला. भिंतीकडं तोंड करून बायानं पदर तोंडात कोंबला. अंगावरचा डोंगर उतरला होता. वाचलो गं बाई, वाचलो, एवढंच तिच्या मनात चाललं होतं.

पण पाच वाजता आतल्या नर्सा पळायला लागल्या. शिवणीतून रक्त झिरपत होतं. पाणी मिसळून पातळ झालेलं ते रक्त गोठेना. पोरीची छाती पुन्हा उघडली, झिरपण्याची जागा सापडली, बंदही केली. यंत्रात उरलेलं सगळं तिचं तिला परत दिलं. सगळं केलं त्यांनी, नाही कुणी म्हणावं! पण तोवर अंगात जे पाहिजे तेच उरलं नव्हतं, आणि द्यायला जवळ काही नव्हतं. दिवेलागणीला सरू गेली.

डॉक्टर आले तेव्हा बारकू खाली बसला होता. बाया उभी होती.

"बाटली असती तर?" तिनं विचारलं.

डॉक्टरांनी तिच्याकडं बघितलं नाही. "बाई, आता ते विचारू नका," म्हणाले.

बारकूनं ते ऐकलं.

सरूला फडक्यात गुंडाळून, डॉक्टरीणबाईंनी पाठवलेल्या मोटारीतून वर आणलं आणि वाडीच्या मागं माळावर पुरलं. त्या दिवसापासून बारकू बायाशी एक शब्द बोलला नाही. घरात वावरायचा, पण तिच्या बाजूला नजर वळवायचा नाही. बायानं मडक्यातल्या गोळ्या ओढ्यात फेकल्या, कुणी बघायच्या आत.

सुतक फिटलं त्या दिवशी वाडी अंगणात जमली. रक्त द्यायला गेलेले सातीजण आले होते. सावळा म्हणाला, "आमचं चाललं असतं तर काय पायजे व्हतं राव." बस्स, तेवढ्यानं बारकूचा बांध फुटला. तो उठून उभा राहिला आणि सगळ्यांदेखत बायाकडं बोट केलं.

"तुमचं न्हाई चाललं, हिचं चालत व्हतं! एका बाटलीचं काम व्हतं. तीन म्हैनं माज्या लेकीच्या नावानं अंडी खाल्ली हिनं, कलेजी खाल्ली. आदी हिला घातलं, उरलं तर आमी खाल्लं. आन इतकं खाऊन बाटलीभर रगत न्हाई झालं हिच्या अंगात? कुटं गेलं ते? कुटं घातलं?"

बायका बायाकडं बघायला लागल्या, आणि त्यांच्या नजरेत काय होतं ते बायाला वेगळं सांगायला नको होतं. ओट्यावर बसलेली चिमाबाई भिंत धरून उठली. म्हातारीचे डोळे भरले होते.

"आरं बारकू, लेकरा, तिनं कुटं..."

"आत्या!" बाया अशी ओरडली की म्हातारी होती तिथंच थांबली. "तुमी मधी बोलू नगा. तुमाला काय म्हाईत न्हाई."

मग ती नवऱ्याकडं वळली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यानं तिच्या तोंडाकडं बघितलं होतं. त्याची गालफडं बसलेली, डोळे लाल, खोकून खोकून छाती आत गेलेली.

"व्हय," ती म्हणाली. "म्याच खाल्लं. एकटीनं खाल्लं."

कुणीतरी थुंकलं. एकेकजण उठून जायला लागला. बारकू मटकन खाली बसला आणि गुडघ्यांत डोकं घालून लहान पोरासारखा रडायला लागला. चिमाबाई पदरानं तोंड दाबून तशीच उभी राहिली. बाया आत गेली, चूल फुंकली, आणि बारकूसाठी भाकरी थापायला घेतली, कारण तो सकाळपासून उपाशी होता.